पायरिया: पी. जिंजिव्हॅलिस प्रतिकारशक्तीला फितवतो कसा?

पेशीवाला (धागाकर्ता)

हिरड्यांवरचे धागे बहुतेक वेळा कुठली पेस्ट आणि कुठलं मंजन यावर घसरतात. इथे आधी पायरियात हिरडीच्या आत काय बिघडतं आणि त्यात पी. जिंजिव्हॅलिस या जंतूचा हात किती, ते पाहू. घरी आणि दवाखान्यात काय करायचं ते त्यातूनच ठरतं. ते जाणकारांनी खाली लिहावं.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी तोंडातही एक ते तीन मिलिमीटर खोल फट असते. ती कधीच निर्जंतुक नसते. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी दिवसरात्र तिथे झिरपत असतात. फटीत उतरणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त याच असतात. जंतूंचा थर (प्लाक) पातळ असेल आणि रोज निघत असेल, तर हा पहारा पुरतो. म्हणजे किंचित दाह ही इथली नेहमीची, निरोगी स्थिती आहे.

थर साचू दिला की काय होतं, ते हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑरहूसला दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या स्वयंसेवकांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर त्या पुन्हा पूर्ववत झाल्या. इथवरचा आजार म्हणजे जिंजिव्हायटिस, आणि तो पूर्ण उलटतो. हाड झिजायला लागलं की पेरिओडोंटायटिस, म्हणजे बोलीभाषेतला पायरिया. गेलेलं हाड आपसूक परत येत नाही.

या दोन पायऱ्यांच्या मध्ये पी. जिंजिव्हॅलिस येतो. प्राणवायू न सोसणारा, ग्राम-निगेटिव्ह, रक्तातलं हीम साठवून काळ्या वसाहती करणारा जंतू. १९९८ साली सॉक्रान्स्की यांच्या गटाने खोल पॉकेटमध्ये (आजाराने खोल झालेल्या फटीत) एकत्र सापडणाऱ्या तीन जंतूंचा 'रेड कॉम्प्लेक्स' मांडला, त्यातला हा एक. टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला हे उरलेले दोन. पण खरी गंमत कळली २०११ मध्ये. जॉर्ज हाजिशेन्गालिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या तोंडात हा जंतू सोडला. एकूण जंतूंमध्ये त्याचं प्रमाण ०.०१ टक्क्याहूनही कमी होतं, तरी हाड झिजलं. तोच जंतू पूर्ण जंतुमुक्त उंदरांत एकटा सोडला, तर त्याने तोंडात बस्तान बसवलं पण हाडाला धक्का लागला नाही. आणि ज्या उंदरांत सी३ए किंवा सी५ए या कॉम्प्लिमेंट (रक्तातल्या जंतुविरोधी प्रथिनांच्या साखळीतल्या) रेणूंचे ग्राहक नव्हते, त्यांचंही हाड शाबूत राहिलं.

थोडक्यात, हा जंतू एकट्याने काही पाडत नाही. तो पहारा बिघडवतो, बाकीचे जंतू माजतात आणि हाड खातो तो आपलाच दाह.

पहारा बिघडतो कसा? याच्या अंगावर जिंजिपेन नावाची प्रथिनं कापणारी विकरं असतात. काही आर्जिनिनपाशी कापतात, एक लायसिनपाशी. ती आपल्या सी५ प्रथिनाचे तुकडे करून स्वतःच सी५ए तयार करतात. वरवर पाहता हा आत्मघातच, कारण सी५ए म्हणजे न्यूट्रोफिलना हाक. पण न्यूट्रोफिलवरचा सी५ए-ग्राहक आणि जंतू ओळखणारा टीएलआर-२ हे दोन्ही एकाच वेळी चेतवले गेले, की आतलं मायडी८८ हे प्रथिन मोडीत निघतं. जंतू मारण्याचा आदेश याच्यामार्फत जातो, तो तिथेच तुटतो. त्याच वेळी मॅल आणि पीआय३-कायनेज हा दुसरा मार्ग सुरू होतो. त्याने जंतू गिळणं मंदावतं, दाहाचे संदेश मात्र चालू राहतात. पेशी येतात, आरडाओरडा करतात आणि कोणालाच मारत नाहीत. त्या बिनमाऱ्याचा फायदा शेजारच्या सगळ्या जंतूंना मिळतो.

दाह वाढला की हिरडीतून पाझरणारा द्रवही वाढतो. त्यात प्रथिनांचे तुकडे असतात, रक्तातलं हीम असतं. पी. जिंजिव्हॅलिस साखरेवर जगत नाही, यावरच जगतो. म्हणजे दाह हेच त्याचं जेवण. चक्र इथे पूर्ण होतं.

---

बाभूळकाटा

मांडणी पटली, पण जंतुमुक्त उंदीर म्हणजे प्रयोगशाळेतली सोय. माणसात काय पुरावा? तोंडात हा जंतू असूनही हिरड्या ठणठणीत असलेली माणसं असतातच की.

---

पेशीवाला

असतात, आणि आक्षेप रास्त आहे. माणसांतला सर्वांत बोलका पुरावा श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतला. ल्यो यांच्याच गटाने १९७० पासून १५ वर्षं तिथल्या पुरुष मजुरांच्या हिरड्या मोजल्या. ब्रश नाही, दंतवैद्य नाही, सगळ्यांच्या दातांवर प्लाक आणि कीटण (घट्ट होऊन दगडासारखा झालेला थर) भरपूर. तरी सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत जिंजिव्हायटिसच्या पुढे गेलाच नाही. मळ सगळ्यांचा सारखा, परिणाम वेगळे. फरक यजमानाच्या शरीरात.

दुसरा पुरावा उलट्या टोकाचा. एलएडी-१ नावाचा दुर्मीळ जनुकीय आजार आहे. त्यात न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडता येत नाही, म्हणजे हिरडीत त्या जवळपास पोहोचतच नाहीत. अशा मुलांचे दात लहान वयातच पडतात. बरीच वर्षं समज होता की पहारा नाही म्हणून जंतू माजले. पुढे कळलं की न्यूट्रोफिलचं आणखी एक काम असतं: ऊतीत काम संपवून त्या मरतात, मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि त्यातून आयएल-२३ व आयएल-१७ या दाहसंदेशांना लगाम बसतो. न्यूट्रोफिल आल्याच नाहीत तर लगामही नाही. २०१७ मध्ये अशा एका रुग्णाला आयएल-१२/२३ अडवणारं उस्टेकिनुमॅब दिलं आणि हिरड्यांचा दाह ओसरला. औषध जंतुनाशक नाही, हे लक्षात घ्या.

---

सातवी दाढ

दवाखान्याच्या बाजूने. हाड कसं जातं हे राहिलं, म्हणून ते आधी.

प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशी रँकेल नावाचा रेणू सोडतात. तो हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी घडवतो. ऑस्टिओप्रोटेजेरिन हा त्याचा उतारा. दाह लांबला की रँकेलचं पारडं जड होतं. जंतू प्रत्यक्ष हाडाला क्वचितच टेकतात. प्लाकच्या टोकापासून हाड एक-दोन मिमी अंतर राखून मागे सरकत जातं. एकपरीने शरीर हाड सोडून संसर्ग दूर ठेवतं. म्हणूनच दुखत नाही, आणि म्हणूनच लोक दात हलायला लागल्यावर उगवतात.

आता मोजमाप. प्रोबने (मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईने) प्रत्येक दाताभोवती फटीची खोली सहा जागी मोजायची: गालाकडून तीन, जिभेकडून तीन. जोर २० ते २५ ग्रॅम. विद्यार्थ्यांना सांगणं, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रोबचं टोक दाबून आकडा बघा. बहुतेकांचा हात पहिल्यांदा ५० च्या वर जातो. प्रोब दाताच्या अक्षाला समांतर, आणि टोक उचलून परत टोचण्याऐवजी तळावरून एक-एक मिमी पावलं टाकत न्यायचं. दोन दातांच्या मधल्या जागी संपर्कबिंदूखाली थोडं तिरकं घातलं नाही, तर सगळ्यांत खोल खड्डा नेमका तिथेच हुकतो.

चुका कुठे होतात:

हिरडी फार सुजलेली असेल तर टोक तळाच्या पातळ आवरणातून आत घुसतं आणि पॉकेट असतं त्याहून खोल भरतं. उलट मुळावर कीटणाचा कंगोरा असेल तर टोक त्यावर अडतं आणि ७ चं ४ दिसतं. म्हणून सफाईनंतरचा आकडा कधी कधी वाढलेला दिसतो. आजार वाढलेला नसतो, अडथळा गेलेला असतो.

नुसती खोली पुरेशी नाही. हिरडी २ मिमी खाली सरकली आहे आणि पॉकेट ४ मिमी आहे, तर दाताला धरून ठेवणारा आधार ६ मिमी गेला. हिरडी सुजून २ मिमी वर चढली आहे आणि पॉकेट ५ मिमी, तर गेलेला आधार ३ मिमीच. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरडी फुगून खोटं पॉकेट दिसतं. औषधांची यादी विचारल्याशिवाय तक्ता वाचू नये, आणि रुग्णाने ती औषधं स्वतःहून बंदही करू नयेत.

टप्पे २०१७ च्या वर्गीकरणाप्रमाणे: आधार १-२ मिमी गेला तर पहिला, ३-४ ला दुसरा, ५ किंवा जास्त असेल तर तिसरा-चौथा. वेग वेगळा मोजतात. एक्सरेवर सर्वांत वाईट जागी मुळाचं किती टक्के हाड गेलं त्याला वयाने भागायचं. ०.२५ च्या खाली 'ए', १ पर्यंत 'बी', १ च्या वर 'सी', म्हणजे सर्वांत वेगवान. चाळिशीच्या माणसाचं ५० टक्के गेलं तर १.२५, म्हणजे 'सी'. सत्तरीच्या माणसाचं तेवढंच गेलं तर ०.७१, म्हणजे 'बी'. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी, किंवा मधुमेहात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७ किंवा वर, तर थेट 'सी'.

---

निंबोणी

एक प्रश्न, बऱ्याच जणांच्या वतीने. हिरडीतून रक्त येतं तिथे ब्रश लावू नये, असं घराघरांत सांगतात. आणि दात साफ करून घेतले की ते सैल होतात, फटी पडतात, हेही. यात तथ्य किती?

---

मऊ ब्रश

पहिलं साफ चूक. रक्त येतं कारण तिथे प्लाक बसून दाह झालाय. ती जागा टाळली की दाह वाढतो. करायचं ते असं:

ब्रश मऊ, तंतू हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून, जागच्या जागी बारीक थरथर, मग दाताच्या टोकाकडे झटका. एका वेळी दोन-तीन दात. पूर्ण तोंडाला दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. पण ब्रशचे तंतू दोन दातांच्या मधे पोहोचत नाहीत, आणि पायरिया बहुतेक तिथेच सुरू होतो. त्यासाठी इंटरडेंटल ब्रश. ते साधारण ०.४ पासून १.५ मिमीपर्यंत येतात. फटीत जाताना जरा घट्ट लागेल असा सर्वांत मोठा घ्यायचा. सैल गेला तर तो काही काढत नाही, आणि तार दाताला घासत असेल तर एक नंबर खाली या. एकाच तोंडात दोन-तीन नंबर लागतात, पुढच्या दातांना लहान, दाढांना मोठा. पेस्ट न लावता, चार-पाच वेळा आतबाहेर, रात्री एकदा. वरच्या दाढांना गालाकडून घालताना तोंड अर्धवट मिटा, गाल सैल पडतो आणि ब्रश वाकत नाही. फट अगदी बंद असेल तिथेच फ्लॉस.

असं रोज केलं तर रक्त एक-दोन आठवड्यांत कमी होतं. त्यानंतरही त्याच जागी येत राहिलं, तर हिरडीखाली कीटण आहे. ते घरी निघत नाही. सुई, पिन, टाचणी घालून खरवडू नका.

---

सातवी दाढ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जे दिसतं ते खरं असतं, लावलेलं कारण चूक. हाड गेलेले दात कीटणाच्या पुलाने एकमेकांना बांधलेले असतात. तो काढला की हलणं उघडं पडतं. सूज उतरल्याने हिरडी एक-दोन मिमी खाली बसते, म्हणून फट दिसते आणि मुळं उघडी पडून थंड-गरम झणझणतं. हे काही आठवडे चालतं. सुजेमुळे होणारं हलणं पुढच्या महिन्यांत कमीही होतं. एवढं आधी सांगितलं तर लोक अर्ध्यावर पळत नाहीत. आमच्या व्यवसायात हे सांगायचा आळस फार.

---

बाभूळकाटा

मग जंतूच मारून टाका ना. पायरियाच्या गोळ्या म्हणून लोक औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक घेतात, वर माउथवॉश.

---

पेशीवाला

थरातले जंतू चिकट आवरणात असतात. आत औषध पुरेसं झिरपत नाही, आणि खोलवरचे जंतू संथ वाढत असल्याने त्यांच्यावर चालतही नाही. थर न फोडता दिलेली गोळी चार दिवस आराम देते. पॉकेट, कीटण आणि पाझरणारं खाद्य जागच्या जागी असतं, मंडळी परत येते. झपाट्याने वाढणाऱ्या आजारात तज्ज्ञ अॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल जोडीने देतात, पण हिरडीखालच्या सफाईबरोबर, निवडक रुग्णांना.

या धाग्याच्या विषयाशी थेट जुळणारं औषध वेगळंच आहे: डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, काही महिने. एवढ्या मात्रेत ते जंतू मारत नाही. कोलॅजन कापणारी आपलीच विकरं, मुख्यतः एमएमपी-८, ते रोखतं. हेही सफाईला जोड म्हणूनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. गर्भारपणात आणि लहान मुलांना चालत नाही.

---

मऊ ब्रश

माउथवॉशबद्दल. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे. पेस्टनंतर लगेच घेऊ नका. पेस्टमधल्या फेसाच्या घटकाशी ते बांधलं जाऊन निकामी होतं. अर्धा तास जाऊ द्या. जास्त दिवस घेतलं, आणि वर चहा चालू ठेवला, की दात तपकिरी पडतात, चव बिघडते. मुख्य म्हणजे गुळणी पॉकेटच्या तळाशी जातच नाही. हिरडीच्या वरचा थर रोखायला, शस्त्रक्रियेनंतर ब्रश चालत नाही तेव्हा, ते उत्तम. पायरियावर इलाज म्हणून नाही.

तुरटीची गुळणी हिरडी आवळते, रक्त थांबल्यासारखं वाटतं, कीटण तसंच. मिठाच्या कोमट पाण्याने बरं वाटतं, नुकसान नाही, एवढंच.

---

निंबोणी

मिसरीचं लिहा कोणीतरी. तव्यावर भाजलेली तंबाखू बोटाने हिरडीला चोळतात, आणि "मिसरीने रक्त थांबतं, हिरडी घट्ट होते" हे बायका छातीठोक सांगतात.

---

सातवी दाढ

त्यांचं निरीक्षण खरं आहे, आणि तोच धोका. निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. लाली नाही, सूज नाही, रक्त नाही. प्रोब घातला तर ६ मिमी. तंबाखूने न्यूट्रोफिलचं कामही बिघडतं, सफाईनंतर भरून येणं मंदावतं. जिथे बोट रोज घासलं जातं तिथे हिरडी सरकते, मुळं उघडी पडतात, आणि ती जागा पांढरट, जाडसर होते. पांढरा डाग असेल तर कर्करोगाच्या दृष्टीने तो वेगळा तपासायचा. मिसरी वापरणाऱ्यांमध्ये, तंबाखू खाणाऱ्यांमध्ये आणि बिडी ओढणाऱ्यांमध्ये 'रक्त येत नाही' याला निरोगीपणाची खूण मानू नका. मिसरी सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त येऊ शकतं. रक्तवाहिन्या परत नेहमीसारख्या होत असतात, घाबरून परत डबी उघडू नये.

---

ग्लुकोमीटर

मधुमेहाची भर. साखर चढी असली की प्रथिनांवर ती चिकटून जे पदार्थ होतात ते दाहपेशींना चेतवत राहतात, आणि न्यूट्रोफिल जंतू मारण्यात कमी पडतात. म्हणजे पी. जिंजिव्हॅलिस जे करतो त्याची अर्धी तयारी आधीच झालेली. उलट दिशाही आहे: हिरडीखालची सफाई नीट केली तर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४ टक्के गुणांच्या आसपास उतरतं. गोळी बंद करण्याइतकं नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकं थोडंही नाही. मधुमेहाच्या तपासणीत डोळे, पाय, मूत्रपिंड बघतात. हिरड्या सहसा कोणी बघत नाही.

---

बाभूळकाटा

आणि अल्झायमर? 'हिरडीचा जंतू मेंदूत' हे व्हॉट्सअॅपवर फिरतं.

---

पेशीवाला

२०१९ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत जिंजिपेन सापडल्याचा शोधनिबंध आला. त्यावरून जिंजिपेन अडवणारं अॅटुझाजिनस्टॅट हे औषध मोठ्या चाचणीत उतरवलं. २०२१ मध्ये निकाल आला: ठरवलेली मुख्य उद्दिष्टं गाठली नाहीत. संबंध दिसणं आणि कारण असणं यात अंतर आहे. संधिवाताचा धागा जरा बळकट: हा जंतू प्रथिनांचं सिट्रुलिनेशन (त्यांतल्या आर्जिनिनचा सिट्रुलिनमध्ये बदल) करणारं विकर बाळगतो, आणि संधिवातातली प्रतिपिंडं अशाच प्रथिनांविरुद्ध असतात. तरी 'हिरडी साफ केली की सांधे बरे' असं कोणी म्हणू नये.

---

निंबोणी

शेवटचं. हिरडीखालची सफाई झाल्यावर पुढे काय? आणि लॅबमध्ये पी. जिंजिव्हॅलिसची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करून मिळते, ती करावी का?

---

सातवी दाढ

सफाईनंतर सहा-आठ आठवडे प्रोब घालायचा नाही, नवी बसत असलेली जोडणी फाटते. मग सगळा तक्ता पुन्हा. ४ मिमी किंवा कमी आणि रक्त नाही, तर पॉकेट बंद झालं समजा. ४-५ मिमी आणि रक्त येतंय, तर तेवढ्या जागा पुन्हा साफ. ६ किंवा जास्त उरलं, तर हिरडी उघडून साफ करायचा विचार. दाढेच्या मुळांच्या दुबेळक्यात हत्यार नीट पोहोचत नाही, तिथे बहुधा ही वेळ येते. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी. हा आकडा खिसा बघून काढलेला नाही. हिरडीखालचे जंतू साधारण तेवढ्याच काळात पुन्हा जुन्या घडीवर येतात.

पीसीआर नको. निरोगी तोंडातही हा जंतू सापडतो, वर पेशीवालांनी लिहिलंय तसं तो नगण्य संख्येतही काम करतो, आणि अहवाल काहीही आला तरी उपचार तेच. त्या पैशात सहा जागांचा तक्ता आणि लागतील तिथले एक्सरे करून घ्या, तक्त्याची प्रत मागून घ्या. पुढच्या भेटीत तुलना करायला तीच लागते.